कोण कोणासाठी वाजवतं : यवतमाळच्या डोंगरगाण्यांविषयी

यवतमाळ जिल्ह्यात डोंगर आहेत, हे बाहेरच्या वाचकाला मुद्दाम सांगावं लागतं. कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांपलीकडे या जिल्ह्याची बातमी होत नाही, आणि कापूस म्हटला की डोळ्यांपुढे काळी सपाट जमीनच येते. ती सपाटी आहे, पण बरीचशी कडेला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या अंगाला. मधला बराच मुलूख अजिंठ्याच्या रांगेच्या पूर्वेकडे उतरत गेलेल्या टोकांनी भरलेला आहे. पुसद शहर डोंगरांनी वेढलेलं आहे. उमरखेड, महागाव, दिग्रस, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, झरी जामणी या तालुक्यांत सागाचं जंगल आणि मुरमाड टेकड्या सोबत चालतात. टेकडीवर कोलामांचा पोड, खाली कुणब्यांचं आणि गोंडांचं मिळून गाव, ओढ्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, अशी वस्ती इथे जागोजागी दिसते. पोडावर कोलामी, गावात वऱ्हाडी आणि गोंडी, तांड्यावर गोरबोली. कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या, वऱ्हाडी आपली, आणि गोरबोली राजस्थानीच्या जवळची. दोन-तीन किलोमीटरांत दोन भाषाकुळं आणि चार बोली, आणि सगळ्यांचा आठवडी बाजार एकच.

हे पुस्तक या डोंगरातल्या गाण्यांचं आहे. त्यातही त्याचा रोख एका प्रश्नावर आहे. बाहेरून येऊन इथे वसलेल्यांनी, मुख्यतः बंजाऱ्यांनी, डोंगरातल्या जुन्या गाण्यांचं काय केलं, आणि डोंगरांनी त्यांच्या गाण्यांचं काय केलं?

या प्रश्नाची उत्तरं तयारच असतात, हीच अडचण. तांड्यावरचा शिकलेला कार्यकर्ता सांगतो, आमचं सगळं राजस्थानातून आलं, वाटेत काही मिसळलं नाही. गोंड-कोलामांमधला कार्यकर्ता सांगतो, आमचं मुळातलं, इथलंच, बाहेरच्या कुणाचा हात लागलेला नाही. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सांस्कृतिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारा सांगतो की इथे सगळ्या संस्कृतींचा सुंदर संगम झाला आहे. पहिल्या दोघांचं म्हणणं निदान कशासाठी आहे ते कळतं. तिसरं वाक्य मात्र कुठल्याही जिल्ह्याला लावता येतं, म्हणून ते निरुपयोगी.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. गाणं कुठून आलं यापेक्षा ते कोण कोणासाठी वाजवत होतं, हे आधी पाहावं. डोंगरात गाण्याची देवघेव लोकांच्या शेजारामुळे झाली त्याहून जास्त गाणारा आणि त्याचा यजमान, वाजवणारा आणि त्याला बोलावणारा यांच्या नात्यातून झाली. हे नातं जिथे होतं तिथे गाणी ओलांडून गेली, आणि जिथे नव्हतं तिथे शंभर वर्षं शेजारी राहूनही गेली नाहीत.

आधी बंजारे इथे कसे आले ते पाहू, कारण त्यांच्या येण्याची तऱ्हाच त्यांच्या गाण्यांत आहे. लदेणीच्या बैलांवर मीठ, धान्य वाहून नेणारे हे लोक दक्षिणेत आले ते बऱ्याच अंशी मोगल फौजांच्या रसदीमागून. सतराव्या शतकात आसफखानाच्या फौजेबरोबर दख्खनेत आलेल्या भंगी आणि जंगी या दोन नायकांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पुढे वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जात असे आणि परतीला दुसरा माल येई. म्हणजे बंजारा वऱ्हाडात पाहुणा नव्हता, पण मुक्कामीही नव्हता. तो पावसाळ्यापुरता थांबे आणि उघडीप झाली की निघे.

ते मोडलं ते आगगाडीने. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याआधीच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला विलक्षण भाव आला होता आणि वऱ्हाडातली पडीक जमीन झपाट्याने वाहितीखाली येत होती. वाहतूक गेली आणि कुरणंही गेली. तांडे जिथे थांबले होते तिथेच राहिले, आणि जिथे थांबले होते ती जागा बहुधा डोंगराच्या उतारावर, जंगलाच्या कडेला, पाण्याजवळ होती, कारण शेकडो बैलांना चारा-पाणी तिथेच मिळे. व्यापारी शेतमजूर झाला, मग हळूहळू कास्तकार झाला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि भटक्या माणसाकडे संशयाने पाहणं ही सरकारी पद्धतच होऊन बसली. वऱ्हाड पोलिसांतला अधिकारी कंबरलेज याने बंजाऱ्यांवर लिहिलेलं टिपण १८८२ मध्ये छापलं गेलं. पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ते भरपूर वापरलं. तांड्याची रचना, लग्नाचे विधी, भाट-ढाडी यांची कामं यांची इतकी जुनी नोंद आपल्याकडे आहे ती पोलिसाच्या दप्तरातून. नोंद चांगली आहे, पण ती करणाऱ्याला हे लोक आज कुठे आहेत आणि उद्या कुठे असतील हे जाणायचं होतं, एवढं लक्षात ठेवून ती वाचावी.

ज्या तांड्यांना शंभर वर्षांपूर्वी पोलिसांच्या वहीत नाव द्यावं लागे, त्यांतल्याच एका, पुसदजवळच्या गहुली गावी १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. हा भाग वाचकाला ठाऊक असतो, म्हणून तो इथेच सोडतो. गाण्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की पुसदच्या खोऱ्यातला तांडा स्वतःकडे खाली मान घालून पाहत नाही. तो आपलं गाणं मोठ्याने म्हणतो.

ते गाणं कसं असतं? तांड्याचं वर्ष होळीभोवती फिरतं. होळीची लेंगी पुरुष रिंगण करून म्हणतात. एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, डफाची लय सावकाश सुरू होऊन चढत जाते, आणि चाल मात्र चार-पाच स्वरांच्या बाहेर फारशी जात नाही. बायकांची लेंगी वेगळी, टाळ्यांची. गेर मागणं, वर्षभरात जन्मलेल्या मुलाची धुंड, गेरणींनी काठ्या घेऊन पुरुषांना अडवणं हे सगळं त्या दोन दिवसांत येतं. राजस्थानात होळीला गेर नाचतात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लेंगीचं घराणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

श्रावणातली तीज मात्र मला लेंगीपेक्षा अधिक सांगणारी वाटते. लग्न न झालेल्या मुली तांड्याच्या प्रमुखाकडे, नायकाकडे, परवानगी मागतात. परवानगी मिळाली की दुरड्यांत माती आणि खत भरून गहू पेरतात आणि नऊ दिवस त्याला पाणी घालतात. पाणी आणायला जाताना गाणं, घालताना गाणं, रात्री दुरड्यांभोवती फेर धरून गाणं. शेवटच्या दिवशी पिवळसर हिरवे, हातभर वाढलेले कोंब उपटून वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवतात आणि उरलेले पाण्यात सोडतात. पुसदच्या बाजूच्या एका तांड्यावर मी हे पाहिलं तेव्हा मुलींच्या हातात प्लास्टिकच्या कळशा होत्या, एकीच्या अंगावर नर्सिंगच्या कॉलेजचा गणवेश होता, आणि गाणं सांगणारी म्हातारी फेटिया-काचळी घातलेली, कोपरापर्यंत बलोयांनी भरलेल्या हातांची. मुली अडखळल्या की ती ओळ पुढे ढकलत नसे. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. काळ्या मातीच्या या जिल्ह्यात गव्हाची ही गाणी ऐकताना ती या पिकाची नाहीत हे कळतं. इथलं पीक पऱ्हाटी आणि ज्वारी.

लग्नातला ढावलो हे तिसरं. नवरी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, आणि ते रडणं शिकवलेलं असतं. जुन्या रीतीने लग्न लांबत असे तेव्हा वडीलधाऱ्या बायका तिला ते बसवून शिकवत. निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून ती हवेली म्हणते, बापाच्या तांड्याचा निरोप घेते. चालत्या तांड्यात मुलगी सासरी गेली की माहेर कुठे असेल याचा भरवसा नसे. स्थिर झालेल्या तांड्यातही ते गाणं तसंच राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता डोंगरातल्या जुन्या रहिवाशांकडे येऊ. इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते, आणि 'बाहेरचा' कोण हेच सांगता येईनासं होतं.

गोंडांच्या देवकथा गोंड स्वतः गात नाहीत. गातो तो प्रधान, गोंडांचा परंपरेने नेमलेला भाट. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गोंडांच्या विभागण्या, प्रत्येकाची देवाची कथा वेगळी, आणि ती त्या त्या घराण्याच्या प्रधानाच्या तोंडी. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या देवांना कसं सोडवलं, हिरासुका हा पहिला वादक कोण होता, हे सगळं प्रधान किंगरीवर सांगतो. किंगरी म्हणजे पोकळ लाकडावर कातडं ताणून केलेलं, तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. मुख्य गाणारा ओळ म्हणतो, सोबतचे झील धरतात, मधे बोलून कथा पुढे नेतात, आणि देवाच्या कार्याला ही बैठक रात्रभर चालते. बदल्यात यजमान गोंड धान्य, कपडा, पूर्वी जनावरही देई.

आणि या प्रधानांची घरची भाषा मराठी आहे. पैनगंगेच्या पलीकडे, त्या वेळच्या निजामी राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलावाईला राहून १९४०च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने गोंडांचा अभ्यास केला, तेव्हाही त्याला हेच दिसलं होतं. घरी मराठी बोलणारा माणूस यजमानाच्या अंगणात बसला की गोंडीत देव जागवतो. गोंडांच्या स्मृतीचा सर्वात पवित्र भाग अशा माणसांनी जपला आहे ज्यांची आई त्यांच्याशी गोंडीत बोललेली नाही. याला बाहेरचा प्रभाव म्हणायचं की आतला? मला वाटतं दोन्ही शब्द इथे कामाचे नाहीत. प्रधानाच्या गोंडीत मराठी वळणं शिरली, आणि प्रधानाच्या मराठीत गोंडी कथा शिरल्या, कारण त्याचं पोट त्या नात्यावर होतं.

हीच गोष्ट लेखी परंपरेतही दिसते. लिंगोची कथा पहिल्यांदा कागदावर आणली ती स्टीफन हिस्लॉपने. स्कॉटलंडमधल्या डन्स गावी १८१७ साली जन्मलेला हा मिशनरी १८४०च्या दशकात नागपूरला आला. त्याच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे. नागपूरजवळच्या एका प्रधानाकडून त्याने ते दीर्घ गीत उतरवून घेतलं. १८६३ मध्ये तो नाल्याच्या पुरात बुडून मेला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. मध्य भारताच्या डोंगरी गाण्यात स्कॉटिश माणसाचा हात शोधायचाच असेल तर तो हा, आणि तोही गाण्यात नसून शाईत.

स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे तर थोडं लांब जातो, कारण डोंगर, स्थलांतरित आणि गाणी यांचा सर्वात गाजलेला वाद अमेरिकेतल्या ॲपलाचियन पर्वतातला आहे आणि आपल्याला त्यातून शिकण्यासारखं आहे. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधून गेलेले स्कॉट वंशाचे लोक मोठ्या संख्येने त्या डोंगरात वसले. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस यांनी तिथे एकंदर ४६ आठवडे फिरून शेकडो गाणी उतरवली आणि जगाला सांगितलं की जुन्या ब्रिटनची गाणी या दऱ्यांत टिकून आहेत. गाणी खरीच होती. पण शार्पला हवी होती ती जुनी पोवाड्यासारखी कथागीतं. त्या डोंगरातल्या काळ्या लोकांची गाणी आणि प्रार्थनागीतं त्याने बरीचशी बाजूला ठेवली. पुढे या सगळ्यावर 'केल्टिक' असा शिक्का बसला आणि तो चांगला खपला. आज त्या डोंगराचं वाद्य म्हणून जे दाखवतात ते बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपल्याबरोबर आणलेल्या वाद्यांतून घडलं. मांडीवर ठेवून वाजवायचं डल्सिमर जर्मन वसाहतवाल्यांच्या वाद्यातून आलं. फिडल युरोपचं, पण गोऱ्यांच्या नाचाला ते वाजवायला कित्येकदा काळा माणूस असे. तिथेही गाण्याने जात ओलांडली ती वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून.

हा धडा घेऊन यवतमाळला परत यावं. बंजाऱ्यांनाही स्वतःचे गाणारे होते, ढाडी. ते वंशावळी आणि शूरांच्या कथा सांगत, आणि त्यांचा यजमान फक्त गोर. गोर म्हणजे आपला माणूस, कोर म्हणजे परका, ही विभागणी तांड्यात अजून बोलण्यात येते. ढाडी कोराकडे गात नसे, प्रधान बंजाऱ्याकडे गात नसे. म्हणून ढाडीच्या कथा आणि प्रधानाच्या कथा एकाच डोंगरात, एकमेकांच्या ऐकू येण्याइतक्या अंतरावर, एकमेकांना न शिवता चालत राहिल्या. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या कथेत लिंगो नाही आणि लिंगोच्या कथेत सेवालाल नाहीत. शेजार होता, यजमानी नव्हती.

याउलट डफडं पाहा. मांग वाजंत्री गोंडाच्या लग्नाला वाजवतात, कुणब्याच्या वरातीला वाजवतात, पोळ्याला बैलांपुढे वाजवतात, आणि बोलावलं की तांड्यावरही जातात. त्यांना भाषेची अडचण नाही. कोणत्या घरी कोणता ठेका लागतो हे त्यांना पाठ असतं आणि एका घरचा ठेका दुसऱ्या घरी नकळत जातो. या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या समाजांच्या नाचांत लय ओळखीची वाटते, त्याचं श्रेय आपण निसर्गाला, मातीला, 'आदिम तालाला' देत असतो. ते आधी मांगाच्या हाताला द्यावं. ज्याला कुणी आपला म्हणायला तयार नव्हतं त्याने सगळ्यांचं संगीत जोडून ठेवलं, आणि त्याच्यावर वेगळं पुस्तक लिहायची पाळी क्वचितच येते.

नगाऱ्याबद्दलही असंच. बंजाऱ्यांची ओळख म्हणून नंगारा पुढे येतो. पोहरादेवीला, म्हणजे दिग्रसच्या शेजारीच पण वाशीम जिल्ह्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयालाही नंगारा म्हणतात. पण नगारा आणि डफ ही दोन्ही वाद्यं पश्चिम आशियातून फौजांबरोबर आणि दरबारांबरोबर हिंदुस्थानात आलेली. फौजेमागून चालणाऱ्या तांड्याने कूच करायची खूण म्हणून नगारा उचलला असेल तर त्यात नवल नाही. म्हणजे राजस्थानातून आलेल्या माणसांची खूण असलेलं वाद्य राजस्थानातही बाहेरूनच आलेलं.

पोडावरचं सांगायचं राहिलं. कोलाम आणि गोंड यांची दंडार, दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे टोप घालून निघणारे घुसाडी, ढेमशाचा फेर, ही डोंगरातली सर्वात दिसणारी कला. तिचा मोठा पट्टा नदीपलीकडे आदिलाबादपर्यंत एकसलग आहे. तिकडच्या मारलावाईचे घुसाडी कलावंत कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा इकडेही तो आनंद झाला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होता, नंतर नांदेडात आला. दंडारीने ही सीमा कधी मानली नाही. पौष अमावस्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेश्राम घराण्याचे लोक जमतात, तेव्हाही नाही. पण अलीकडची दंडार ऐकली तर तिच्यात मराठी गाणी वाढलेली दिसतात, आणि तेलुगू चाली झरी-मुकुटबनच्या बाजूने येतात, जिथे तेलुगू बोलणारे शेतकरी बऱ्याच काळापासून आहेत. कोलामांवर भाऊ मांडवकरांनी लिहिलं, कोलामी भाषेवर एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली आला, सेतुमाधवराव पगडींनी हैदराबाद संस्थानात नोकरी करताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहिली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात कोलामीचे नमुने द्रविड भाषांच्या खंडात आणि बंजाऱ्यांची लमाणी १९०७च्या भिल्ली भाषांच्या खंडात आहे. शब्दांची दप्तरं आपल्याकडे चांगली भरलेली आहेत. चालींची तशी भरली नाहीत.

बाहेरून आलेला सर्वात मोठा प्रभाव मात्र यांपैकी कशाचाच नाही. तो भजनाचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज स्थापून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी गावोगाव नेली. विदर्भात ती पोचली नाही असं गाव दाखवणं अवघड. पोडावर भजनी मंडळ आलं, तांड्यावरही आलं. आज सेवालाल महाराजांची गोरबोलीतली भजनं ऐका: शब्द गोरांचे, देव गोरांचा, पण हार्मोनियम, खंजिरी, आणि ओळ घोळवून परत धृपदावर येण्याची तऱ्हा वऱ्हाडी भजनाची. पैनगंगेपलीकडचा माहूरगडही जवळच. रेणुकेच्या आराध्यांची आणि गोंधळ्यांची गाणी संबळासकट या डोंगरात आलेली आहेत. शंभर वर्षांच्या शेजारात लेंगी आणि दंडार जवळ आली नाहीत. भजनाने त्यांच्या गाणाऱ्यांना एका पेटीसमोर बसवलं, कारण भजनात यजमान नसतो. ज्याला यायचं तो येतो. माझ्याच मांडणीला हा अपवाद आहे आणि तो मी लपवत नाही.

हे सगळं आज लिहिताना एक गोष्ट टाळून चालत नाही. तेलंगणात लंबाडा १९७६ पासून अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत. २०२५च्या सप्टेंबरात निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन इथेही अनुसूचित जमातीचा दर्जा द्या, ही मागणी जोरात उठली आणि आदिवासी संघटना विरोधात उतरल्या. २०११च्या जनगणनेनुसार यवतमाळच्या सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येत अनुसूचित जमाती साडेअठरा टक्के आहेत. म्हणजे हा वाद इथे घराघरांतला आहे. अशा वेळी गाण्यांच्या संग्रहाकडेही पुरावा म्हणून पाहिलं जातं. गाणी गोळा करताना दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे पुस्तक कुणाच्या बाजूचं, असं विचारलं. विचारणाऱ्यांचा राग येण्याचं कारण नाही. ज्यांची जमीन, शिष्यवृत्ती आणि नोकरी त्या कागदावर आहे त्यांनी विचारायलाच हवं. पण आरक्षणाचा निर्णय संविधानाच्या कसोट्यांवर व्हायचा आहे. लेंगीची चाल जुनी की दंडारीची, यावर तो होऊ नये, आणि या पुस्तकातून दोन्हीकडच्यांना सोयीचं वाक्य काढता येणार नाही अशी खबरदारी घेतली आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. गाणी समाजवार लावलेली नाहीत, प्रसंगवार लावली आहेत: पेरणी, पोळा, तीज, दिवाळी, वेचणी, लग्न, होळी, देवकार्य. त्यामुळे तांड्यावरचं लग्नगीत आणि गोंडांचं लग्नगीत समोरासमोरच्या पानांवर येतं, आणि ती किती वेगळी आहेत हे वाचकाला दिसतं. कोलामी आणि गोंडी शब्द देवनागरीत लिहिताना गाणाऱ्याने जसे उच्चारले तसेच ठेवले आहेत, शुद्ध रूपांचा आग्रह धरलेला नाही. प्रधानांच्या कथांपैकी ज्या देवाच्या कार्याशिवाय सांगायच्या नाहीत असं सांगणाऱ्याने स्पष्ट केलं, त्या घेतलेल्या नाहीत. त्यांची फक्त नावं दिली आहेत. प्रधानांमध्ये शिक्षण चांगलं पसरलं आहे. मुलं शिक्षक, तलाठी, बँकेत कारकून झाली आहेत आणि किंगरी खुंटीला राहिली आहे. याबद्दल काही जाणकार हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं फार दिसत नाही. भाटकीवर पोट भरणाऱ्या माणसाने संधी मिळाल्यावर ती सोडली, इतकंच. त्यांच्यातलेच काहीजण आता निवृत्तीनंतर वडिलांची किंगरी खाली काढून वाजवू लागले आहेत, यजमानाशिवाय, स्वतःसाठी. त्या गाण्यांना कुठे ठेवायचं हे ठरत नव्हतं. शेवटी ती वेगळ्या प्रकरणात दिली आहेत.

प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी नोंदल्या आहेत: कोण गातं, सोबत कोण वाजवतं, कोणाच्या घरी किंवा कोणत्या प्रसंगी, आणि बिदागी काय मिळते. या चौथ्या रकान्याला सुरुवातीला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण नंतर तोच सर्वांत बोलका ठरला. ढाडी, प्रधान, वाजंत्री यांच्या गाण्यांखाली तिथे धान्य, कपडा, नारळ, रोख रक्कम असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. जिथे तो रकाना कोरा आहे ती गाणी बहुतेक बायकांची आहेत: तीज, ढावलो, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाई, आणि पऱ्हाटीच्या वावरात वेचणीला पोडावरच्या, गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया एका ओळीत असताना म्हणायची गाणी.